नारिंगाचा खट्टा आणि मालकांचा कान

आमच्या घरमालकांना शेजारच्या गल्लीतलं मांजर भिंतीवर चढलेलं ऐकू यायचं. मी थापाड्या म्हणून तीन तालुक्यांत मशहूर आहे, हे मला ठाऊक आहे. वैजापुरात तर माझं नाव काढलं की लोक आधी हसून घेतात आणि मग ऐकायला बसतात. तेव्हा मांजराचं तुम्ही निम्मंच धरा. पण निम्मं धरलं तरी तो कान माणसाचा नव्हता, एवढं तुम्हाला कबूल करावंच लागेल.

त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचा एक नातू वकील आहे आणि मला या वयात कोर्टाची पायरी चढायची हौस नाही. गल्ली त्यांना मालक म्हणायची, मीही मालकच म्हणायचो. निजामाचं राज्य होतं. मी वैजापूरहून औरंगाबादेला एका दफ्तरात उर्दू कागदांच्या नकला उतरवायच्या नोकरीवर आलो होतो, आणि माझ्याजवळ एक ट्रंक, एक सतरंजी आणि वय वर्षं बावीस एवढाच ऐवज होता. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एका घराची माडी रिकामी आहे असं कळलं. गेलो. ओटीवर पांढऱ्या मिश्यांचे, शेरवानीची वरची दोन बटणं उघडी टाकलेले एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. मी माझं गाव, जात, पगार, आईबाप सगळं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"बोलू नको. जिना चढून दाखव."

मी जिना चढलो.

"आता उतर."

उतरलो.

"डाव्या वहाणेचा अंगठा सुटायला आलाय. शिवून घे. रात्री पाय आपटत येणारा नाहीस. चोरी करशील, पण चोरून नाय. खोली तुझी."

माझा जबडा त्या दिवशी जो खाली आला, तो पुढची पाच वर्षं त्या घरात थोड्याफार फरकानं खालीच राहिला. वहाण उलटी करून बघितली तर अंगठा खरोखरच एका धाग्यावर होता.

मालक कोर्टात पेशकार होते. तीस वर्षं त्यांनी लोकांचे जबाब ऐकले आणि उतरवले. खोटं बोलणारा माणूस बोलायच्या आधी श्वास धरतो, हा शोध त्यांनी तिथंच लावला म्हणे. पेन्शनीत आल्यावर तोच कान त्यांनी साऱ्या गल्लीवर सोडला. नहरीचं पाणी आमच्या हौदात पडायचं, त्याच्या धारेवरून ते सांगायचे की वरच्या मोहल्ल्यात कुणीतरी घोडं धुतंय. कुंभाराकडं माठ घ्यायला गेले की पंचवीस माठांना टिचक्या मारायचे आणि सव्विसावा घ्यायचे. बाजारात खरबूज घेताना मात्र ते नाकाशी धरायचे, डोळे अर्धे मिटायचे, "आहाहा" म्हणायचे. बागवानीण मनोमन खूष व्हायची. तेवढ्यात त्यांचं बोट खालून हळूच त्याच खरबुजावर टकटक करत असायचं. ते बोट मी पहिल्या वर्षीच बघितलं होतं. बघून काही कळलं नव्हतं, हा भाग वेगळा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी चवीढवीची गोष्ट काढली, अमक्याकडचा कबाब, तमक्याकडची पुरणपोळी, की मालक मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "जीभ लाच खाते रं. कान खात नाय." लोकांना वाटायचं, पेशकारी बोलतेय.

आणि गंमत अशी, की हा माणूस गल्लीत प्रसिद्ध होता तो मात्र जिभेसाठीच.

अंगणात नारिंगाचं एक झाड होतं. मालकांच्या बायकोनं लग्नानंतर पहिल्या वर्षी लावलेलं. नारिंग म्हणजे दिसायला संत्रं आणि खायला शिक्षा. त्याची एक फोड मी पहिल्या हिवाळ्यात हौसेनं तोंडात टाकली आणि माझे दोन्ही कान एकमेकांना भेटून आले. पण त्याच नारिंगाच्या रसाचा मालक खट्टा करायचे. वर्षातून एकदा, चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याच्या भरीत-रोडग्याबरोबर. रस पिळायचा, बिया काढायच्या, मीठ घालून दगडी कुंडीत ठेवायचा. लसूण सोलून खलबत्त्यात ठेचायचा, पण लगदा करायचा नाही. कढईत करडीचं तेल, त्यात जिरं, मग लसूण मंद आचेवर, आणि मग तो कढत बघार रसावर ओतायचा. एवढंच. तुमच्या घरी उद्या करून बघा, होईल. मालकांसारखा होणार नाही.

कारण मालकांचा खट्टा म्हणजे विधी होता. त्या सकाळी गल्लीत आवाज बंद. समोरचा हिमरूवाला माग थांबवायचा. पिंजारी त्या दिवशी वाट बदलून जायचा. एका वर्षी एका शेळीच्या गळ्यातली घंटा मालकांनी स्वतः जाऊन सोडवली आणि शेळीला वर ओंजळभर हरभरे दिले. आम्ही भाडेकरू माडीवर श्वास धरून बसायचो. एकदा मला शिंक आली तर मी ती उशीत दिली आणि उशीची शिवण उसवली. खाली मालक कढईपुढं डोळे मिटून बसलेले. लसूण तेलात बोलायला लागायचा, बोलत राहायचा, मग हळूहळू गप्प व्हायचा. तो पुरता गप्प झाला की मालकांचा हात उचलायचा, आणि चर्र!

एकदाही चाखायचे नाहीत. "पहिली वाटी देवाची. त्याआधी जिभेला लावायचं नाय," म्हणायचे. पहिली वाटी देवघरात खंडोबापुढं. दुसरी वाटी भिंतीतल्या खिडकीतून पलीकडं, खालाकडं.

खाला म्हणजे आमची शेजारीण. नात्यानं कुणाचीच नाही, म्हणून साऱ्या गल्लीची खाला. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी, पडदा कडक. तिचं आणि मालकांचं अंगण एकाच भिंतीचं. भिंतीत वीतभर खिडकी आणि खिडकीला पलीकडून तागाचा पडदा. वाट्या-बशा त्या खिडकीतून इकडून तिकडं जायच्या. पाच वर्षांत मी खालाचा फक्त हात बघितला, हिरव्या बांगड्या भरलेला, आणि आवाज ऐकला. ती मालकांना भाईसाब म्हणायची, मालक तिला आपा.

वाटी पलीकडं गेली की मालक अंगणाच्या मध्यभागी उभे राहायचे. जबाब द्यायला उभा केलेला आरोपी असावा तसे. पलीकडं बांगड्या वाजायच्या, थांबायच्या. मग खालाचा आवाज यायचा, "वही है, भाईसाब. भाबीजान का हाथ."

भाबीजान म्हणजे मालकांची वारलेली बायको. हे ऐकलं की मालक म्हणायचे, "मेहेरबानी, आपा." मग आम्हा सगळ्यांना वाट्या मिळायच्या. आम्ही बोटं चाटायचो. त्या खट्ट्याला एक करपट कडसर झाक होती, चुलीतल्या धुरासारखी, आंबटाच्या मागून येणारी. गल्लीत त्या झाकेला 'पेशकारी बघार' असं नावच पडलं होतं. लोक घरी करून बघायचे, झाक यायची नाही. मीही वैजापूरला आईला करून दाखवायला गेलो आणि घरातली एकुलती एक बरी कढई घालवली.

आता तो चहाचा दिवस सांगतो.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत मालकांना खोकला झाला. सून माहेरी होती, मुलगा परभणीला नोकरीवर. मी म्हटलं, आज चहा मी करतो. मी आयुष्यात तोवर चहा केला नव्हता, हे सांगायचं राहिलं. दोन डबे सारखे, दोन्हींत पांढरं. मी मालकांच्या आणि माझ्या कपात तीन-तीन चमचे घातले, हलवले, मालकांचा नेऊन दिला. मग माझ्या कपाचा घोट घेतला आणि तो घोट मी थेट तुळशीवर सोडला. मीठ! तीन चमचे मीठ! तुळस पुढच्या आठवड्यात वाळली, ही थाप नाही.

मी धावत ओटीवर गेलो. मालकांचा कप रिकामा होत आला होता. शेवटचा घोट त्यांनी बशीत ओतून फुर्र करून घेतला, मिशी पुसली आणि म्हणाले, "वा. साखर अंमळ जास्त पडली बघ."

मी उभाच राहिलो. माझ्या तोंडात एक माशी शिरली, फेरफटका मारून बाहेर पडली, तरी मी तोंड मिटलं नाही.

मालकांनी बशी खाली ठेवली. मान तिरकी केली. "श्वास का धरलास रं?"

"नाही... काही नाही, मालक."

"साखर नव्हती व्हय?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, त्यांनी डोळे मिटलेलेत. "मीठ होतं," मी म्हटलं.

त्यांनी रिकामा कप बशीत उपडा ठेवला. मग म्हणाले, "बस."

बसलो. त्यांनी सांगायला सुरुवात केली. वीस वर्षांपूर्वी गल्लीत तापाची साथ आली होती. एकाच आठवड्यात नवराबायको दोघंही अंथरुणाला खिळली. बायको गेली. मालक उठले, पण त्यांची जीभ आणि नाक उठलं नाही. भाकरी आणि माती, दूध आणि पाणी, सगळं एक. वीस वर्षं! वीस वर्षं या माणसानं लग्नाच्या पंगतीत "वा वा" म्हटलं होतं, खरबुजं हुंगली होती, आणि कुणाला पत्ता नव्हता!

"पण मग खट्टा?" मी विचारलं.

"तो कानानं करतो."

त्यांनी सांगितलं ते असं. बायको जिवंत होती तोवर मालकांनी स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. त्यांच्या पिढीत ती रीतच नव्हती. कोर्टातून यायचे, ओटीवर कागद पसरून बसायचे. आतून खलबत्ता ऐकू यायचा, तेल ऐकू यायचं, जिरं, लसूण, मग थोडी शांतता, आणि मग चर्र. ती गेल्यावर झाडाला फळं धरली तेव्हा ते पहिल्यांदा आत गेले. कुठला डबा कशाचा हेही ठाऊक नव्हतं. खालानं खिडकीतून शिकवलं. मीठ किती, तेल किती, ते तिनं सांगितलं. पण बघार कधी ओतायचा, ते तिलाही ठाऊक नव्हतं; ती हे सगळं तयार वाटीतच बघायची.

"मग मी कानातलं आठवलं," मालक म्हणाले. "लसूण वाजायचा, मग गप्प व्हायचं, मग चर्र. तसंच केलं. आपाला वाटी दिली. ती म्हणाली, वही है. त्या दिवशी मला जेवण गेलं बघ. तोवर आठ महिने नुसतं गिळत होतो."

मग मला देवघरात नेऊन त्यांनी माझ्या हातावर भंडारा ठेवला आणि शपथ घातली. "हे कुणाला कळलं तर लोक दया करतील. आणि आपाबी मग खरं सांगायची बंद होईल."

मी! ज्याच्या पोटात दोन घटका बातमी राहिली की ताप चढतो, त्या माझ्या हातावर भंडारा! पण मी ती शपथ पाळली. ते माझ्या आयुष्यातलं एकमेव अवघड काम.

तिसरं वर्ष तसंच गेलं. चौथ्या वर्षी चंपाषष्ठीनंतर पंधरा दिवसांनी खालाच्या मुलीचं लग्न निघालं. वरात जालन्याहून येणार. खालानं खिडकीतून मालकांना सांगितलं, "भाईसाब, बाप होता तर बाप करता. मेरी बच्ची की दावत में खट्टा तुम्हारा होना." मालकांना त्या दिवशी दोन वेळा डोळे पुसावे लागले. नारिंगं भरपूर होती. रस तीनशे माणसांना पुरेल एवढा काढायचा, बघार मात्र नेहमीच्याच कढईत, कारण बायको सगळ्या गल्लीपुरता खट्टा त्याच कढईत करायची.

पण दावतीचा बाकीचा स्वयंपाक करायला वरपक्षानं हैदराबादहून एक उस्ताद बावर्ची आणला होता. पोट एवढं, की तो गल्लीत शिरला तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांनी दारं आत ओढून घेतली. त्याच्या कमरेला दोरीनं एक लांब चमचा बांधलेला असायचा आणि दर पाच मिनिटांनी तो कुठल्या तरी देगेत बुडायचा. आदल्या दिवशी तो आमच्या अंगणात आला, झाडाकडं बघितलं, मालकांकडं बघितलं.

"बड़े मियाँ, सुना है आप चखते नई?"

"देवाच्या आधी चाखत नाय आम्ही."

"और देव के बाद?"

मालकांनी झाडाखाली पडलेलं एक नारिंग उचललं.

"बावर्ची चखे बिना पकाया तो क्या पकाया? अंधे की निशानेबाज़ी! मेरी दावत में खट्टा बिगड़ा तो नाम मेरा जाता, मियाँ. बिगड़ा तो?"

मी मालकांच्या मागं उभा होतो. मला वाटलं आता ते टाळतील. तर ते शांतपणे म्हणाले, "बिघडला तर हे झाड माझ्या हातानं तोडीन."

भिंतीपलीकडं बांगड्या खळ्ळकन वाजल्या. बायकोच्या हातचं एवढंच एक उरलं होतं त्या घरात.

लग्नाच्या दिवशी मालक अंघोळ करून कढईपुढं बसले. रस कुंडीत तयार, लसूण ठेचलेला. चूल पेटवली. आणि गल्लीच्या तोंडाशी ताशा-मर्फा सुरू झाला.

ज्यांनी मर्फा ऐकला नाही त्यांना काय सांगू? नगारे, ताशे, आणि त्यात दहा-बारा हट्टेकट्टे लोक उड्या मारत ओरडतात. दौलताबादच्या किल्ल्यावरची तोफ त्या आवाजानं आपल्या जागी फिरली असं मी पुढं अनेकांना सांगितलं आहे. आमच्या अंगणात कढईतलं तेलसुद्धा गोल गोल थरथरत होतं. मालकांनी जिरं टाकलं. जिरं फुटलं की नाही, त्यांना कळलं नाही. त्यांनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

"थांबतील की," ते म्हणाले.

नाही थांबले. दुसऱ्यांदा चूल पेटली, दुसऱ्यांदा लाकडं ओढली. दुपार झाली. तिसऱ्यांदा त्यांनी पळीभर लसूण नुसता अंदाज घ्यायला टाकला आणि कान कढईवर एवढा वाकवला की मिशीचं टोक तेलात बुडालं. लसूण काळा झाला. त्यांना वासही आला नाही. मला आला. मी ती कढई उचलून घासायला घेतली तेव्हा ते हातातली पळी उलटसुलट करून बघत होते. साठीच्या पुढचा माणूस, तीस वर्षं कोर्टात उभा राहिलेला. त्याला असं गोंधळलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"मी चाखून सांगू का?" मी हळूच म्हटलं.

"तू?" ते म्हणाले. "चहा केलावतास तू."

मी गल्लीच्या तोंडाशी धावलो. मर्फावाल्यांचा जमादार म्हणजे सहा फुटी गडी, गळ्यात ताशा. त्याच्या कानाशी ओरडून मी सांगितलं की घरात एक माणूस शेवटचे श्वास मोजतोय, पाच मिनिटं थांबा.

"शादी में मय्यत की बात?" असं म्हणून तो ताशाची काडी घेऊन माझ्या मागं लागला. मी दुसरी थाप मारली, की नवरदेवाला आवाजानं भोवळ आलीय. नवरदेव शेजारीच घोड्यावर बसून पान खात होता. तिसरी थाप सांगत नाही, तिच्यावर मलाच विश्वास बसला नसता.

शेवटी हात जोडले. "जमादारसाहेब, खरं सांगतो. एक म्हातारा खट्टा करतोय. त्याला ऐकायचंय."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि सगळे मर्फावाले पोट धरून हसले. जमादारानं डोळे पुसत सांगितलं, "मियाँ, बीच में रुके तो बदशगुनी होती. रुकते तो बस अजान के वास्ते. असर की होने को है. उत्ती देर में पका लो तुम्हारा खट्टा!"

परत आलो तर दारात उस्ताद उभा. "बघार हुआ नई अब्बी तक? कुल्हाड़ी भेजूँ क्या?" मी त्याच्या पोटाला वळसा घालून आत गेलो आणि मालकांना सांगितलं, की दुपारच्या अजानपुरते थांबतील, पण तेवढेच.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "तेवढी पुरते," म्हणाले. मग भुवई आक्रसली. "का पुरते म्हणालो मी?" ते स्वतःशीच पुटपुटले. पण विचार करायला वेळ नव्हता. चूल चौथ्यांदा पेटली. तेल तापलं. जिरं पडलं.

आणि मर्फा तुटला. मधल्या ठोक्यावर, कापल्यासारखा.

अशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. हौदात पाणी पडत होतं. भिंतीपलीकडं तीनशे माणसं गप्प. नहरीपलीकडच्या मशिदीतून साधा, न ओरडणारा म्हाताऱ्या माणसाचा आवाज यायला लागला. मालकांनी लसूण सोडला.

लसूण बोलायला लागला. मालकांचे डोळे मिटलेले. तिकडून अजानचा एकेक स्वर लांबत येत होता आणि इकडं कढई आपली हळू आवाजात चालली होती, शेजारच्या खोलीत बाई काम करत असावी तशी. मला ठाऊक होतं, ते लसूण पुरता गप्प व्हायची वाट बघणार. अजान संपली. क्षणभर काहीच नाही. लसूण अजून वाजतच होता, चांगला वाजत होता. आणि मालकांचा हात उचलला गेला.

मी ओरडणार होतो, अजून नाही, मालक! चर्र! बघार रसात पडलासुद्धा.

मालक स्वतःच दचकले. आपल्या हाताकडं बघत राहिले. "अजून वाजत होता रं," ते म्हणाले. "मी कुठं ओतला? हात गेला." मग ते मटकन खाली बसले. "बांग. ओटीवर बांग ऐकू यायची. ती बांगेवर करायची. घरात घड्याळ कुठं होतं? बांग सुरू झाली की लसूण टाकायचा, संपली की ओतायचा. शांतता व्हायची ती लसणाची नव्हं रं... ती बांग संपल्याची शांतता."

बाहेर मर्फा पुन्हा फुटला. वीस वर्षं हा माणूस सकाळच्या शांततेत बसून लसूण गप्प व्हायची वाट बघत होता. म्हणजे तो करपायची! ती धुराची झाक, तो पेशकारी बघार, ज्याच्यासाठी आम्ही बोटं चाटायचो, तो नुसता करपलेला लसूण होता!

पहिली वाटी खंडोबापुढं गेली. दुसरी वाटी मालकांनी माझ्या हातात दिली. त्यांच्यानं उठवेना. निकाहाची वेळ झाल्यानं मर्फा थांबला होता. मी खिडकीशी गेलो, पडद्याखालून हात आला, वाटी घेऊन गेला. बांगड्या वाजल्या. थांबल्या. नेहमीपेक्षा फार वेळ थांबल्या.

मग पडद्याच्या अगदी जवळून, मुंगीला ऐकू येईल एवढ्या आवाजात खाला म्हणाली, "बेटा... ये तो भाबीजान का है."

"दरवर्षी तुम्ही तेच म्हणता, खाला," मीही कुजबुजलो.

"हर साल झूठ बोली रे मैं. पैली बार जला हुआ था. पर वो आठ महीने से खाना नई खाए थे. क्या बोलती?" ती रडत होती. "आज सच्ची बोलूँ तो पिछला सब झूठ हो जाता."

मग तिनं घसा साफ केला, आणि मोठ्यानं, दरवर्षीच्याच सुरात हाक मारली, "वही है, भाईसाब! भाबीजान का हाथ!"

मी वळलो. मालक अंगणाच्या मध्यभागी उभे होते. कधी उठले कुणास ठाऊक. त्यांची मान तिरकी होती, मांजर ऐकताना असायची तशी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की आम्ही दोघं कुणाच्या अंगणात कुजबुजत होतो!

मालक तसेच उभे राहिले. एकदा झाडाकडं बघितलं. मग शेरवानीची वरची दोन बटणं त्यांनी लावली, जी लावलेली मी चार वर्षांत बघितली नव्हती.

"मेहेरबानी, आपा," ते म्हणाले.

एवढंच. दरवर्षी म्हणायचे तेवढंच, त्याच सुरात.

उस्ताद चमचा घेऊन आला. बुडवला, तोंडात घातला. मग त्यानं तो चमचा हळूच कमरेच्या दोरीतून सोडला आणि चुलीच्या कडेला ठेवला. "किसने सिखाया, बड़े मियाँ?"

"बायकोनं."

"उनको सलाम बोलना मेरा."

"बोलतो," मालक म्हणाले. "आज भेटली."

पुढच्या चंपाषष्ठीला मालकांनी सकाळी चूल पेटवलीच नाही. असरची अजान होईपर्यंत थांबले. खंडोबालाही त्या दिवसापासून नैवेद्य दुपारीच. गल्लीतल्या लोकांनी खट्टा चाखला आणि कुरकुर सुरू केली. हिमरूवाला म्हणाला, "पहले का मज़ा नई रहा." कुणी म्हणालं, मालक म्हातारे झाले, हात गेला. मालक ऐकून मिशीत हसायचे. खिडकीतून "वही है" येत राहिलं, इकडून "मेहेरबानी" जात राहिलं. त्या कुजबुजीबद्दल दोघंही एकमेकांना कधी एक अक्षर बोलले नाहीत.

माझी बदली झाली तेव्हा ट्रंक उचलून मी पाया पडायला गेलो. मालक ओटीवर डोळे मिटून बसले होते.

"एक सांग," ते म्हणाले. "तू आधीचाबी खाल्लास, नंतरचाबी. आधीचा कसा लागायचा?"

मी थाप मारायला कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी केला. "तसाच लागायचा, मालक. फरक नाही."

मालकांची मान तिरकी झाली.

"श्वास धरलास," ते म्हणाले. मग हात पुढं करून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "आपाबी धरायची. पैल्या वर्षापासून."